मोजकाठी

ऑस्कलूसा, आयोवा. शाळेच्या बसगाड्यांचा डेपो.
जूनचा दुसरा सोमवार, मुलांना सुट्ट्या,
पिवळ्या गाड्या कुंपणाला पाठ टेकून उभ्या
आणि मध्ये काँक्रीट फोडून केलेला खड्डा.

मी सरकारकडून आलेली. जवळ बर्फाची पेटी,
चोवीस बरण्या, हातमोज्यांचा खोका
आणि मातीचा वास आकड्यांत सांगणारं यंत्र.
डार्ला म्हणाली, यंत्र कशाला, नाक आहे ना.
डार्ला पोकलेन चालवते,
माशातला काटा काढावा तशी माती काढते.

टाकी चौऱ्याहत्तर सालची. पोलादी, दहा हजार गॅलनची.
गाळ कालच उपसला. आज पोटात कोरडा बर्फ टाकलाय,
पेट घेऊ नये म्हणून.
भर उन्हात तिच्या तोंडातून
थंडीतल्यासारखी वाफ.

व्हर्लिन व्हान्डर प्लूगला कुणी बोलावलं नव्हतं.
निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली.
इस्त्रीचा ओव्हरऑल घालून आला,
खांद्यावर बारा फुटी लाकडी काठी,
इंचाइंचाला रेघ.

एकतीस वर्षं, पहाटे पाचला,
ही काठी त्याने या टाकीत सोडली.
तळाला लागली की टक्.
मग वर ओढायची, ओली रेघ वाचायची,
बोटं गोठली तरी वहीत लिहायची.
वह्याही आणल्या होत्या. एका वर्षाची एक.

मी चाळल्या.
दोन हजार नऊच्या मार्चपासून आकडा जरासा कमी,
पाव इंच, कधी तेवढाही नाही.
समासात पेन्सिलीने: थंडीने आकसलं असेल.
पुढे: चार नंबरच्या गाडीने जास्त घेतलं असेल.
पुढे नुसतं प्रश्नचिन्ह, दर आठवड्याला एक.

आमच्याकडे म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
मी त्याला इंग्रजीत सांगायला गेले
तर ते नुसतं पाणीच झालं.
तो गंभीरपणे म्हणाला,
पाणी नाही. डिझेल.

साखळ्या ताणल्या. टाकी वर आली,
अंगावरची माती ढेकळाढेकळाने सोडत,
आणि डार्लाने ती हळूच कुशीवर वळवली.

पोलाद धडधाकट. गंज वयाच्या मानाने बेताचा.
एवढ्या मोठ्या पोटाला एकच भोक,
बरोबर तोंडाच्या खाली,
कडा झिजून कागदासारख्या.

मी फोटो काढले. काय लिहायचं ते माहीत होतं,
अर्जात त्यासाठी छापील रकाना आहे.
पण व्हर्लिनने माझ्याआधी वाचलं.
काठीचं टोक भोकाला लावलं.
काठी आत गेली. अडली नाही,
सैलही झाली नाही.

डार्लाने इंजिन बंद केलं.
मी उगाच हिशेब केला:
साडेसात हजार टक्.

खड्ड्याच्या तळाची माती हिरवट करडी,
दोन हात खाली चिवट पिवळी चिकण, तिने धरून ठेवलं.
पलीकडच्या घराची विहीर वाचली असावी.
असावी. प्रयोगशाळा तीन आठवडे घेते.

नवी टाकी गुरुवारी. फायबरची, दुहेरी भिंतीची,
भिंतींमधल्या पोकळीत जागणारा एक सेन्सर,
ऑफिसात पडदा. पहाटे कुणी उठायला नको.
काठी घालायला तोंड ठेवलंय का, त्याने विचारलं.
ठेवलंय, म्हटलं, आणि त्याखाली तळाला
जाड पत्रा जडवलेला असतो,
आपटली तरी चालते.
केवढ्याचा असतो पत्रा?

चाळीसेक डॉलर, मी सांगून बसले.

तो बराच वेळ वह्यांकडे बघत राहिला.
मग खड्ड्याच्या कडेला गेला,
जिथे झिरपून पाणी साचत होतं,
आणि काठी सोडली,
इतकी हळू की टेकल्याचं कळलं नाही.

वर काढली. डोळे बारीक करून रेघ पाहिली.
सात इंच, म्हणाला.
मी लिहून घेतलं.