कल्हई की मोड

साकिब स्क्रू ओठांत धरून विचारतो,
"मॅडम, वरच्यावर चढवू, की पुसून टाकू सगळं?"
खाली रविवार कारंजावर कुणीतरी
हॉर्नवरचा हात उचलायला विसरलंय.

मशीन बारा वर्षांचं.
बटण दाबून मी जिना उतरते,
चहा सांगते, सुट्टे मोजून घेते, वर येते,
तरी त्याचं आपलं गोल गोल, गोल गोल.

वरून चढवलं तर सगळं जागच्या जागी, तो सांगतो,
फॉन्ट, फायली, गंगापूर धरणाचा तो फोटो.
पण कचराही जागच्या जागी.
आतला घोळ नुसता नव्या पत्त्यावर राहायला जाईल.
पुसलं तर पळेल मशीन,
फक्त ते तुम्हाला ओळखणार नाही.
एवढं बोलून तो पेचकस शोधायला लागतो,
जसं काही बोललाच नाही.

माझे वडील इथेच मागे, भांडी बाजारात,
कल्हई लावायचे.
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
आणि काळ्या पातेल्याच्या पोटात एकदम उजाडायचं.
गिऱ्हाइकाला एकच प्रश्न: कल्हई की मोड?
पोचे असले तर चालतं, म्हणायचे,
भोक असलं तर नाही.
मोडीत निघालेल्या भांड्यांवरची नावं
मी हिशेबाच्या वहीत मागून उतरवून ठेवायचे,
सौ. इंदूताईंकडून, मुंजीप्रीत्यर्थ, शके अमुक.
कुणी सांगितलं नव्हतं.
वजनात नावं धरत नाहीत.

"साकिब, भोक आहे का रे यात?"
"भोक नाही मॅडम," तो हसतो,
"दोन माणसं आहेत."

पडद्यावर दोन गोल. एक मी.
दुसरी शैलजा गांगुर्डे, कुलपासकट.
सहा वर्षं झाली. कॅनडा कॉर्नरला तिचं स्वतःचं दुकान,
काचेचं दार, रंगीत प्रिंटर.
कागदाच्या दोन रिमांवरून बिनसलं, असं आम्ही सांगतो.
रिमांवरून नव्हतं.

पण या मशीनला शहाणं केलं ते तिनंच.
चिसौ लिहिलं की आपसूक चि. सौ. कां. व्हायचं,
आये लिहिलं की आमचे येथे श्रीकृपेकरून.
आणि मी जन्मभर चुकवत आले तो आशीर्वाद,
माझी शि ती गुपचूप दीर्घ करून टाकायची.
गेल्यावरही करत राहिली,
सहा वर्षं, दर लग्नसराईत,
माझ्याशी न बोलता.

"तिचं काढून ठेवू का? कुलूप तोडता येतं."
"नको."
मग मीच फोन उघडून लिहिलं:
मशीन पुसतेय, तुझं काही हवंय का यातलं?
दोन निळ्या खुणा.
खालचा हॉर्न थांबला, दुसरा सुरू झाला.
उत्तर आलं:
अजून तेच वापरतेस?

बाकी काही नाही. पुढे काही लिहीत होती,
मग लिहिणं थांबलं.

"पुस," मी म्हटलं.

पेनड्राइव्हवर पत्रिका २०१४ पासून आतापर्यंत,
बिलं, नवीन फोल्डर सात.
साकिबनं दोनदा विचारलं, नक्की ना,
मशीननंही एकदा विचारलं.
मग बत्तीस टक्के, मग बराच वेळ बत्तीसच.
मी वडिलांच्या वहीसारखं काही हाताशी आहे का पाहिलं.
वीजबिल होतं. त्याच्या पाठीवर लिहिलं:
चिसौ. आये. पुढचं आठवेना,
मला कधी आठवावं लागलंच नव्हतं.

संध्याकाळी मशीननं विचारलं, देश कोणता,
भाषा कोणती, तुम्हाला काय म्हणू?
अवघ्या वीस सेकंदांत.
साकिब साडेपाचशे घेऊन गेला.

म्हसरूळचे एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले.
बसले, घाम पुसला.
मी लिहिलं चिसौ,
आणि ते चिसौच राहिलं.
साकिबनं बोटं पुसली नव्हती.

सगळं हातानं लिहिलं, टिंबं, रकार, मुहूर्त.
शेवटच्या ओळीत आशिर्वाद.
थांबले. पाहिलं. कुणी काही केलं नाही.
गृहस्थ म्हणाले, "झालं का?"
एक मिनिट, म्हटलं,
आणि मागे जाऊन पहिली वेलांटी काढली,
दुसरी दिली.