अवलंबून

बिटकोच्या चौकात, फोटो स्टुडिओच्या वर,
जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्याला आधी उतरू द्यायचं.
पारख सरांच्या ऑफिसात जुलै म्हणजे फायलींची लग्नसराई.
माझा नंबर एकोणीस.

"नाव?"
यशोधरा मिलिंद पगारे.
"आडनाव पगारे, आणि पगार शून्य!"
सर हसले, मीही हसले.
हा विनोद मला बालवाडीपासून पाठ आहे.

ट्रस्टने ऐंशी हजार मंजूर केले, खात्यात बहात्तरच आले.
आठ कुणीतरी वाटेत कापून सरकारकडे ठेवलेत,
माझ्या नावावर, माझ्या पॅनवर,
ज्यावरच्या फोटोत मी नुकतीच रडून उठल्यासारखी दिसते.
"शिष्यवृत्तीला कर नसतो," सर म्हणाले,
"पण नसतो हे सांगायलासुद्धा रिटर्न भरावं लागतं."

"वडील काय करतात?"
प्रेसमध्ये.
सरांची भुवई वर गेली.
नाशिकरोडला प्रेस म्हटलं की लोकांना
क्वार्टर दिसतं, बोनस दिसतो, पेन्शन दिसते.
"कॅन्टीनला. ठेकेदाराकडे," मी वाक्य पूर्ण केलं.
भुवई जागेवर आली.

देशाच्या नोटा जिथे छापतात
तिथे पप्पा मटकीच्या उसळीत
अजून किती पाणी खपेल ते बघतात.
सुटताना गेटवर झडती.
खिसे उलटे करून दाखवायचे, दोन्ही,
मग डबा, मग डब्याचं झाकण.
बावीस वर्षं ते रोज संध्याकाळी
काही नाही हे सिद्ध करून घरी येतात.
मला वर्षातून एकदाच करायचंय.
तरी माझे तळहात ओले.

"म्हणजे तू अवलंबून," सर टाइप करता करता म्हणाले.
हो. ईएसआयसीच्या कार्डावर पप्पांच्या नावाखाली
आई, मी, हर्षल. तसंच छापलंय.

"आणि पैसे शिक्षणावरच गेले ना?"
त्यांनी सहज विचारलं, स्क्रीनवरून नजर न काढता.
मी हिशेब केला, तोंडातल्या तोंडात:
फी. परीक्षेचा फॉर्म. सिटीलिंकचा पास.
एक जुना कॅल्क्युलेटर, ज्याचं सात उमटत नाही.
आईचा चष्मा, तेवीसशे,
कारण साडीला फॉल लावताना तिचं बोट रक्ताळायचं
आणि गिऱ्हाईक डाग मोजायचं.
मार्चमध्ये ठेकेदाराने दोन पगार थकवले,
तेव्हाचं दळण. गॅस. हर्षलचे बूट.
"गेले," मी म्हटलं,
"बहुतेक."
सर थांबले. चष्म्यावरून बघितलं.
"कायदा एवढं खोलात विचारत नाही गं."
आणि एंटर दाबलं.

पाचशे फी सांगितली, तीनशेच घेतली.
"आठ हजार येतील, महिना दोन महिने लागतील. पेढे आण."

खाली पप्पा सायकलला टेकून उभे,
अंगाला अजून फोडणीचा वास.
पावती त्यांनी लांब धरली, मग जवळ,
बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.
"करपात्र उत्पन्न शून्य," त्यांनी वाचलं.
"म्हणजे पास की नापास?"
पास, पप्पा.

त्यांनी कागदाची चौकोनी घडी केली,
शर्टाच्या खिशात ठेवली,
वरून हात फिरवला.

उद्या ड्युटीला जाताना आठवणीने काढून ठेवा,
मी म्हटलं.
गेटवर विचारतील, हे काय आहे.