नाव पालथी घालताना

सट झाली, वांग्याचं भरीत खाऊन झालं,
की गंगा हळूहळू पोट आत घेते.
आज सकाळी नाव तीनदा वाळूला घासली.
तिसऱ्यांदा मामा खाली उतरले,
काठी रोवली, वर ओढली, ओल कुठवर आली पाहिलं
आणि नावेला म्हणाले, "चल बाई, झालं तुझं."

मामा, म्हणजे माझे सासरे, मुंजाजी भोई,
माझ्याशी थेट बोलत नाहीत.
अकरा वर्षं झाली.
सांगायचं ते नावेला सांगतात,
नाव जवळ नसली तर कुत्र्याला.

हे काम दरसाल बापलेकांचं.
यंदा लेक वाळूजला, कंपनीत, रात्रपाळीवर.
फोनवर म्हणाला, दोन माणसं लावा.
मामांनी फोन ठेवला, नावेला विचारलं,
"माणसं कशाला? मागचं टोक धरलं कुणी, तरी पुरे की."
मी पदर खोचला.

बाभळीचे ओंडके, त्यांना एरंडाचं तेल,
हातभर पुढं,
मागचा ओंडका काढून परत पुढं,
ऊन डोक्यावर येईतो करंजाखाली पोचलो.
तिथं दोर लावून तिला आधी कुशीवर घेतलं,
बाळंतिणीला घेतात तसं, धीरानं,
मग पालथी.

मुंडावळ्या सावरत मी या काठाला आले ती हीच नाव.
तिची पाठ आज पहिल्यांदा बघितली.
शेवाळ, शिंपले, एक अडकलेला गळ,
आणि ठिगळं. किती ठिगळं!
एक तेलाच्या डब्याचं, सूर्यफूल अजून पिवळं.
एक कुठल्या शाळेच्या पाटीचं,
त्यावर "मुलींची" एवढंच उरलेलं, तेही उलटं.
माहेरी जाता-येता मी ज्यावर बसत होते
ते हे.

"तासणी बोथट झाली," मामा नावेला म्हणाले.
मी घरून खुरपं आणलं.
शेवाळ निघताना वास आला, श्रावणातल्या पाण्याचा,
दोन्ही काठांना भरून वाहणाऱ्या.
फटी भरायला कापूस.
वाती मला येतात, पण ही देवापुढची नव्हे,
हातभर लांब, करंगळीएवढी जाड.
"बारीक झाली," नावेला सांगितलं.
पुन्हा वळली.
"हं."

गंगाखेडच्या बाजारातलं डांबर तीन दगडांवर रटरटलं.
सूर्यफूल बुडालं.
"मुलींची" बुडताना माझा हात जरा थांबला,
मामा तिकडं बघत नव्हते,
किंवा बघत होते.

वाळवीला म्हणून ओंडक्यांखाली राख,
वर पळाट्या, पळाट्यांवर दगड.
वल्ही घरात, आढ्याला.
सुगीला पलीकडची गावं ज्वारी घालतील, घरटी पायली.
माझा भाऊही घालतो.
त्याची पायली मामा मोजत नाहीत,
नुसती पोत्यात ओततात, आणि त्या पोत्याचं तोंड
मलाच शिवायला ठेवतात.

राहिलं बूच.
बाभळीचं, चिंधी गुंडाळलेलं, मुठीत मावणारं.
ते काढलं की नाव कुणाला नेता येत नाही,
म्हणून सासूबाई होत्या तोवर ते मिठाच्या बरणीत असायचं,
पुढं मामांच्या कमरेला.
आज त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही.
नावेच्या पाठीवर ठेवलं,
मी उभी होते त्या बाजूला,
आणि विडी पेटवली.

विडी अर्धी झाली.
मग नदीकडं तोंड करून
कान वाळूत रुतलेल्या त्या नावेला म्हणाले,
"येळवस दहा दिवसांवर आली.
उताराला पाणी गुडघ्याच्या खाली आहे.
पल्याड जाणारानं आता
कुणाची वाट बघायचं कारण नाही."

नाव काय बोलणार?
"व्हय," मीच म्हणाले.

मामा दचकले.
इकडंतिकडं बघितलं,
आणि कुत्र्याला म्हणाले,
"आंबील आणायची म्हणावं येताना."