सतरा दिवस

व्हिलेम कार्सूच्या वह्या खोक्यातून आल्या,
एकवीस वह्या, दलदलीचा वास अजून धरून.
रोज सकाळी आठला तो रीसाच्या पुलाखाली उतरायचा,
रंगवलेली पट्टी वाचायचा,
एक आकडा लिहायचा. बस.
कधी समासात: 'बर्फ'. कधी: 'बीव्हर'.

मी तार्तूत, तिसऱ्या मजल्यावर.
आकडे सगळे टेबलात भरून झालेत,
आज त्यांच्या माळा ओवायच्या:
महिन्याला एक ओळ, ओळीत एक अ‍ॅरे,
मणी तारखेच्या क्रमानं.

आधी तारखा जन्माला घालते.
एक फंक्शन आहे, त्याला सांगायचं
इथून तिथवर, एकेक दिवसानं,
की ते टाकसाळीसारखे दिवस पाडतं,
नदीकाठी कुणी गेलेलं असो नसो.
मग डावीकडून जोडते व्हिलेमचे आकडे.
ज्या दिवसाला आकडा मिळत नाही
तोही पंगतीत बसतो,
पान मांडलेलं, वाढलेलं काही नाही.

क्वेरी चालते.
जानेवारी भरलेला, फेब्रुवारी भरलेला.
मार्च: एकशे बेचाळीस, एकशे अठ्ठ्याऐंशी,
दोनशे एकतीस, तीनशे सात,
नल, नल, नल,
एकवीस मार्च ते सहा एप्रिल.

तार्वो मागून डोकावतो.
"शून्य घाल की. आलेख मधेच तुटतोय."
एका शब्दाचं काम. कंस, स्वल्पविराम, शून्य.
पण शून्य म्हणजे व्हिलेम खाली उतरला,
त्यानं पाहिलं,
आणि नदी नव्हती.

कुठंतरी पाणी मुरतंय.
वही पुन्हा काढते. ते पान कोरं नाहीच,
फुगून सुकलेलं,
रेघांची शाई पसरून निळसर झालेलं.
समासात पेन्सिलीनं:
'पट्टी बुडाली. पूलही.
होडीतून लिंडाकडे पाव पोचवला.
मेंढ्या पोटमाळ्यावर.'

आमच्याकडे याला पाचवा ऋतू म्हणतात.
टेबलात ऋतूला कॉलम नाही, समासालाही नाही.
आणि सरासरी काढणारं फंक्शन
नल ओलांडून जातं, पाय भिजू न देता;
म्हणून त्या मार्चची सरासरी
निघाली बेताची,
दारं-खिडक्या जागच्या जागी असल्यासारखी.

"तुटू दे आलेख," मी म्हणते,
आणि पान त्याच्यापुढे सरकवते.
तो उभ्याउभ्या वाचतो. कॉफी निवते.
मग विचारतो,
"मेंढ्या किती होत्या?"

लिहिलेलं नाही.