दर्या आणि दऱ्या

आमच्या फॉन्टात बरीच वर्षं
दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द सारखेच दिसायचे.
समुद्रावर गेलेली माणसं
छापून येताना डोंगरात सापडायची.
इंदुरात कुणाचं काय अडणार म्हणा.
इथे दर्या नाही,
दऱ्या जानापावला जाताना लागतात तेवढ्याच.

तरी मी रात्री दोनला बसून ते दुरुस्त केलं.
लोकमान्य नगर, वरचा मजला, कूलरची घरघर,
सदतीस ओळी.
वाटलं, सकाळी कुणीतरी पाठ थोपटेल.

सकाळी वृंदाताई बोळ्यांचे प्रश्न आले.
"सुऱ्या तपासल्यात? वाऱ्याला काय होतं?
आणि नेपाळीत हेच अक्षर चालतं,
तिथल्यांना विचारलंत?"

विचारलं नव्हतं.
पोखऱ्याच्या खगेंद्रनं लिहिलं, तुमचं सुधारलं, आमचं मोडलं.
(पोखऱ्याच्या. बघा, तेच अक्षर.)
मी तडकलो. बार्शीचा यासीन तांबोळी
माझ्या बाजूनं माझ्याहून जास्त तडकला.
तंजावरचे सेतुराव इतक्या जुन्या मराठीत
समजूत घालू लागले
की भांडण थांबलं, अर्थ लावण्यापुरतं.

इथे कुणाला पगार नाही,
म्हणून कुणाला काढताही येत नाही.
रुसलेला माणूस नुसता यायचा थांबतो
आणि त्याची जागा रिकामी आहे हे
कित्येक महिन्यांनी, एखादं अक्षर तुटल्यावर कळतं.
ताईंना ते ठाऊक असावं.
वीज मंडळात बिलांच्या तक्रारी ऐकण्यात
तीस वर्षं गेली होती त्यांची.
त्यांनी आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं,
"तुम्हाला नेमकं काय दिसतंय? फोटो पाठवा."
एवढंच.
फोटो आले.
चार पडद्यांवर चार वेगळे र होते.

एकोणीस दिवस लागले.
माझ्या सदतीस ओळींतल्या चार उरल्या.
खाली नावं लागली, आधी खगेंद्र, मग यासीन, सेतुराव, मग मी.
ताईंचं नाव नव्हतंच. मी शोधलं.

गेरचा रंग राजवाड्याच्या आसपास अजून रस्त्यांत होता
तेव्हा त्यांनी मला पोह्यांवर बोलावलं,
सकाळी साडेसहा, वर सेव, जिरावण जरा जास्त.
पाच वर्षं आम्ही एकाच गावात, दोन स्टॉपच्या अंतरावर,
आणि पहिल्यांदाच पाहत होतो.
माझ्या खांद्याला लागत होत्या.
पिशवीतून त्यांनी जुनं लाइटबिल काढलं,
पाठीवर पेन्सिलीनं किल्लीचे बारा शब्द.
"पाठ करा, मग फाडा."
मी म्हटलं, मला नाही जमणार तुमच्यासारखं.
"माझ्यासारखं कशाला? मला तरी कुठे जमत होतं.
मी फक्त रोज उघडून बघायचे."
मग म्हणाल्या, "पोहे गार होताहेत."

ते बिल मी अजून फाडलेलं नाही.

काल एक दुरुस्ती आली.
सहा ओळी, ळच्या वळणाबद्दल.
पाठवणाऱ्याच्या जागी वृंदा बोळे.
खाली, सवडीनं बघा.
तीनदा वाचली. चहा झाला.
पाचव्या ओळीत चूक होती.
बारकीशी. सोडून दिली असती
तर फार तर कुठल्याशा बाळाच्या जावळातला ळ
थोडा तिरपा लागला असता.
सकाळपर्यंत मी नुसता त्या ओळीवर बोट ठेवून.
मग लिहिलं,
"ताई, पाचवी ओळ.
तुम्हाला नेमकं काय दिसतंय? फोटो पाठवा."

उत्तर यायच्या आधी
कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत वळली.
ओला वेगळा, सुका वेगळा,
दोन्ही डबे घेऊन
मी खाली उतरलो.