आधी अर्थ बघा

मिर्फाच्या पुढे पहाटे तीनला धुकं उतरतं
आणि बख्तजमालच्या ट्रकचे पिवळे दिवे
पापणी लवावी तसे लवतात.
समोरचा समजतो मी डिपर मारतोय,
शिव्या घालत जातो, म्हणाला.

साठ दिरहमची जोडी, डब्यावर वाघ.
पहिला संशय अर्थातच वाघावर.
सरळ बॅटरीला लावून बघितली,
गुमान जळत राहिली.

रिले बदलला.
फ्यूज उपसला, फुंकला, परत बसवला.
गयाथीच्या सनैयात चार वाजले,
टेस्ट लॅम्प धरून बोटं आखडली.
इंजिन बंद: शांत. चालू: लवलव.
म्हणजे हादरा.
म्हणजे कुणीतरी धरून ठेवल्याचं
नुसतं नाटक करतंय.

बंपरखाली उताणा झालो.
काळी वायर, चॅसीला स्क्रूने आवळलेली,
पण रंगावर.
बसवणाऱ्याने खरवडायचा आळस केला होता.

खेडच्या आयटीआयत परकार सर ओरडायचे,
‘दिवा मागाहून, रे! आधी अर्थ बघा!’
आम्ही खिदळायचो,
मराठीचा तास असल्यासारखे.

कानशीने रंग घासला,
मीठ पुसलं,
लोखंड उघडं पडलं तिथे दातेरी वॉशर, वर ग्रीस.

दिवे लागले ते लागलेच.
बख्तजमालने तीनदा इंजिन रेस करून पाहिलं,
मग चहा सांगितला.

पहाटे त्याचा फोटो आला:
काच, आणि पुढे पिवळं धुकं, सलग.
खाली एक शब्द नाही.
अर्थ मी दुपारीच लावला होता.
कूस बदलून झोपलो.