रंग परत येईपर्यंत

कागद दोन होते. एकावर 'गुडघ्याखालून',
दुसऱ्यावर 'प्रयत्न'.
शाणू पागीच्या बायकोने विचारलं, यातला स्वस्त कुठला?
मग स्वतःच ओशाळून
दुसऱ्यावर सही केली,
'रुक्मा'मधलं जोडाक्षर दोनदा गिरवून.

करमलच्या घाटात खडीचा ट्रक
त्याच्या स्कूटरवरून गेला होता.
क्रेटमधले बांगडे रस्त्यावर चमकत पडलेले म्हणे,
आणि नडगीचं हाडही तसंच,
उजेडात.

बांबोळीला टेबलावर घेतला तेव्हा पाऊल थंड,
नखांत अजून तळपणची वाळू.
ती मीच ब्रशने काढली, बोट बोट धरून.

फुर्तादोबाईंनी त्याच्या पाठीतला स्नायू काढला, कातडीसकट,
काखेमागचा, रुंद,
ज्याच्या जोरावर तो वीस वर्षं रापण ओढत होता.
"याला ओढायची सवय आहे," त्या म्हणाल्या,
"आता जरा झाकून बसायला शिकू दे."
मग सूक्ष्मदर्शकावर वाकल्या
आणि पाच तास काही बोलल्या नाहीत.

धागा मला दिसतच नव्हता.
दिसायची ती सुईची चमक,
जोरात श्वास सोडला तर हरवेल अशी.
एक धमनी, दोन शिरा,
शेवयांएवढ्या नळ्यांच्या काठावर
आठ-नऊ टाके प्रत्येकीला.
चिमटे काढले.
तुकडा भिजल्या कागदासारखा पडून.
एसीचा आवाज.
मग कडेने,
दाराआडून कुणी डोकवावं तसा
गुलाबी आला.

त्यानंतरच्या रात्री माझ्या होत्या.
दर तासाला बोट दाबायचं: पांढरं.
सोडायचं, मोजायचं: एक, दोन.
दोनवर रंग यायला हवा.
उशिरा आला तर भीती, लवकर आला तरी भीती.
डॉप्लर टेकवला की आत
कुणी नारळ खवतंय असा आवाज.
शाणू झोपेतच विचारायचा, "पांय जितो मगो, बाये?"
मी म्हणायचे, झोप.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला
तुकडा भिरंडासारखा जांभळा.
बोट उचलायच्या आतच रंग परत.
रक्त आत येत होतं, त्याची परतीची वाट बुजली होती.
बाई मडगावहून आल्या, पायांत दोन वेगळ्या चपला.
गुठळी काढली, शीर पुन्हा शिवली,
आणि वर चार जळवा.

जळू मला नवी नाही. आम्ही सत्तरीतली माणसं,
वायंगणात पोटरीला लागली की मीठ टाकून सोडवायची,
वर शिवी हासडायची.
त्या रात्री एकेकीला चिमट्याने बसवताना
मी म्हणत होते, पी गे बाई, पी.
सकाळी टम्म फुगून गळून पडल्या.
मी मोजलं. एक, दोन.

अकरा महिन्यांनी ओपीडीत आला.
काठी आहे. पायाचा अंगठा वळत नाही तो नाहीच.
नडगीवर पाठ उशीसारखी फुगीर;
रुक्मा तेल लावताना विचारते,
पाठ चोळू की पाय?
रापणीला तो आता मागे बसून दोर गुंडाळतो.
वाटा अर्धा. हे त्याने दोनदा सांगितलं.
मग हळूच:
जाळं जड आलं की ओढ नडगीत लागते,
दोर हातात नसला तरी.
बाई म्हणाल्या, शक्य नाही,
तिथला मज्जातंतू आम्ही जोडलेलाच नाही.
तो होय होय करत राहिला,
त्यांचा मान राखायला.

माझ्यासाठी पिशवीत तारले आणले होते,
बर्फ वितळून फरशीवर ठिबकणारे.
बाहेर बाकावर बसवून मी त्याची पँट दुमडली.
पट्टी नाही, तक्ता नाही,
तपासायचं काही कारणही नाही.
बोट दाबलं.
पांढरं.
एक,